शिकाऊ विमानांचे शिल्पकार : कै. डॉ. विष्णु माधव घाटगे

परळी वैजनाथहून निघणारी आगगाडी लातूर रोड, उदगीर, भालकी हीं स्थानकें घेत बिदरला जाते. ज्यांनीं हा प्रवास केला असेल त्यांनीं बिदरचा किल्ला आणि महमूद गवानचा मदरसा पाहिला असेल. १९५६ सालापर्यंत बीड आणि बिदर हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यांत होते; म्हणून त्या गांवाबद्दल आपल्याकडील वडील मंडळींना आपलेपणा वाटे. या बिदरला भारतीय हवाई दलाचा एक तळ आहे. १९९६ सालीं स्थापन झालेलें ‘सूर्यकिरण’ नांवाचें कसरतपथक याच तळावरचें. नऊ विमानें पंखाला पंख भिडवून आकाशांत वळत, कोलांट्या घेत, आणि खालीं उभ्या असलेल्या सहस्रावधि लोकांचे डोळे त्यांच्याबरोबर फिरत. २०११ सालापर्यंत या पथकाजवळ जें विमान होतें त्याचें नांव ‘किरण’. तें वस्तुतः कसरतीचें विमान नव्हे. तें विद्यार्थ्यांचें विमान. ज्याप्रमाणें तुमच्याकरितां पाटी आणि पुस्तक, त्याप्रमाणें वैमानिक होऊं इच्छिणाऱ्या तरुणाकरितां हें जेट विमान. ज्या गृहस्थांच्या नेतृत्वाखालीं त्याची आंखणी झाली, त्यांचें चरित्र आज तुम्हांस सांगावयाचें आहे.

विष्णु माधव घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांत, गडहिंग्लजजवळील हसूरचंपू या गांवीं झाला. राइट बंधूंनीं अमेरिकेंत पहिलें विमान उडविलें त्यास तेव्हां पुरीं पांच वर्षेंहि झालीं नव्हतीं, आणि हिंदुस्थानच्या भूमीवरून विमान उडावयास आणखी दोन वर्षांचा अवकाश होता. खेड्यांत जन्मलेल्या या मुलानें पुढें पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांतून बी.एस्‌सी. ची पदवी घेतली व मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेंत एम्‌.एस्‌सी. चा अभ्यास पुरा केला. त्या काळीं इतका शिकलेला तरुण सरकारी नोकरींत सुखानें स्थिर होई. घाटगे यांनीं समुद्र ओलांडला, आणि तोहि विलायतेच्या नेहमींच्या वाटेनें नव्हे. ते जर्मनींतील गटिंगेन येथें गेले.

गटिंगेन हें लहानसें विद्यापीठाचें गांव. परंतु गणित आणि पदार्थविज्ञान यांचें तें त्या काळीं माहेरघर होतें. तेथें लुडविग प्रांटल नांवाचे आचार्य अध्यापन करीत. हवेंतून एखादी वस्तु वेगानें जाऊं लागली म्हणजे हवा तिच्या पृष्ठभागाला लागून कशी वाहते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. वस्तूला अगदीं चिकटलेला हवेचा पातळ थर जवळजवळ स्थिर राहतो आणि सर्व घर्षण त्या थरांतच घडतें, हें त्यांनीं १९०४ सालीं दाखवून दिलें. ओढ्याच्या कांठाला पाणी मंद आणि मध्यभागीं वेगवान असतें हें तुम्हीं बिंदुसरेला किंवा सिंदफणेला पूर आला असतां पाहिलेंच असेल. प्रांटल यांनीं हवेबाबत तसाच प्रकार गणितानें सिद्ध केला. विमानाच्या पंखाला उचल कां मिळते, ती अकस्मात्‌ कां नाहींशी होते, विमानास मागें खेंचणारा अडथळा कोठून येतो, या प्रश्नांचीं उत्तरें त्या पातळ थरांत दडलेलीं होतीं. अशा गुरूच्या हाताखालीं घाटगे यांनीं संशोधन केलें आणि १९३६ सालीं डॉक्टरेट मिळविली.

तो काळ शांततेचा नव्हता. १९३३ सालीं हिटलरच्या हातीं सत्ता आली आणि त्याच वर्षीं गटिंगेनच्या कित्येक नामांकित ज्यू आचार्यांना आपलीं आसनें सोडून परदेशीं जावें लागलें. एकीकडे विद्येचा असा ऱ्हास चालला असतां त्याच विद्यापीठांत एक नवें युग अंकुरत होतें. हान्स फॉन ओहाइन या विद्यार्थ्यानें १९३५ सालीं तेथून डॉक्टरेट घेतली. पुढें चारच वर्षांनीं, २७ ऑगस्ट १९३९ रोजीं, त्याच्या इंजिनावर जगांतील पहिलें जेट विमान उडालें. इंग्लंडांत फ्रँक व्हिटल यानें तशाच इंजिनाचें पेटंट १९३० सालींच घेतलें होतें. जेट इंजिनाचें तत्त्व समजण्यास कठीण नाहीं. पुढून हवा आंत ओढावयाची, ती दाबून घट्ट करावयाची, तींत इंधन जाळावयाचें, आणि तापून फुगलेला वायु मागील तोंडानें जोरानें बाहेर सोडावयाचा. तो मागें धांवतो म्हणून विमान पुढें जातें. फुगविलेल्या फुग्याचें तोंड सोडलें असतां तो ज्या न्यायानें धांवतो तोच हा न्याय. तत्त्व सोपें, परंतु त्याला लागणारी धातुविद्या आणि कारागिरी अतिशय अवघड. ही गोष्ट ध्यानांत ठेवा. या चरित्रांत ती पुन्हा येणार आहे.

डॉ. घाटगे मायदेशीं परतले, तेव्हां येथें विमान बांधणारा एकहि कारखाना नव्हता. विमानविद्येंतील पंडिताला त्याच्या विद्येचें काम देईल असें ठिकाणच नव्हतें. गाडी अगोदर येऊन स्टेशन मागाहून बांधलें जावें अशी ही स्थिति. पण ती फार काळ टिकली नाहीं. सोलापूरचे उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं म्हैसूर संस्थानच्या साहाय्यानें डिसेंबर १९४० मध्यें बंगळूर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट नांवाची कंपनी उभारली. दुसरें महायुद्ध पेटलें होतें. कारखान्यांत प्रथम जें विमान जुळवून उडविण्यांत आलें तेंहि शिकाऊ विमानच होतें. हार्लो नांवाचें, अमेरिकन बनावटीचें. डॉ. घाटगे या कारखान्यांत दाखल झाले. कोल्हापूरकडचा एक विद्वान आणि सोलापूरचा एक उद्योजक यांची कर्तबगारी कानडी मुलखांत अशी एकत्र आली.

तेथें डॉ. घाटगे यांच्या हातून जें पहिलें आकाशयान निर्माण झालें त्याला इंजिन नव्हतें. तें दहा माणसें वाहून नेणारें ग्लायडर होतें. दुसऱ्या विमानानें त्यास ओढून वर न्यावें व तेथें सोडून द्यावें, अशी योजना. त्याची एकच प्रत बांधली गेली. पुढें युद्धाच्या गरजा बदलल्या. सरकारनें कारखाना वालचंदांकडून आपल्या ताब्यांत घेतला, आणि १९४३ सालीं अमेरिकन सैन्यानें तेथें विमानदुरुस्तीचें मोठें केंद्र थाटलें. नवीन आंखणीचें काम बाजूस पडलें. परंतु या काळांत डॉ. घाटगे यांनीं एक असें काम केलें कीं ज्याचें फळ कोणत्याहि एका विमानाहून मोठें ठरलें. डिसेंबर १९४२ मध्यें बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत विमानविद्येचा विभाग सुरू झाला व त्याची धुरा त्यांनीं वाहिली. देशांतील पहिले विमान-अभियंते या विभागानें घडविले. जें आपणांस परदेशीं जाऊन मिळवावें लागलें तें पुढच्या पिढीला घरीं मिळावें, ही खटपट खऱ्या शिक्षकाची होय.

देश स्वतंत्र झाला. हवाई दलाला वैमानिक हवे होते आणि वैमानिकांना शिकण्यासाठीं विमानें हवीं होतीं. तोंवर जीं होतीं तीं जुनाट टायगर मॉथ, किंवा इंग्रजी आराखड्यावरून बंगळूरला बांधलेलीं प्रेंटिस. आपलें शिकाऊ विमान आपण आंखावें असें ठरलें आणि तें काम डॉ. घाटगे यांच्याकडे आलें.

येथें थोडें थांबून, शिकाऊ विमान आंखणें हें सोपें काम आहे कीं काय, याचा विचार करूं. लढाऊ विमान निपुण माणसाच्या हातीं जातें. शिकाऊ विमान चुकणाऱ्याच्या हातीं. घोडा उमदा असावा पण नव्या स्वाराला पाडणारा नसावा, तसें हें आहे. विद्यार्थ्यानें वेग फार कमी केला तर विमानानें आधीं थरथरून त्यास इशारा द्यावा. गिरक्या घेत खालीं जाऊं लागलें तर ठरलेल्या उपायानें तें पुन्हा सरळ व्हावें. उतरतांना जोरानें आपटलें तरी चाकांनीं तें सोसावें. उलटपक्षीं तें इतकेंहि गरीब नसावें कीं विद्यार्थी कांहीं शिकणारच नाहीं. शिक्षकाच्या अंगीं जी क्षमा आणि जी कठोरता लागते ती धातूच्या पत्र्यांत उतरवावयाची, असें हें काम आहे.

५ ऑगस्ट १९५१ रोजीं बंगळूरच्या आकाशांत एच.टी.-२ हें विमान प्रथम उडालें. कॅप्टन जमशेद मुन्शी यांनीं तें चालविलें. एकामागें एक अशा दोन बैठका, पुढें फिरणारा पंखा, संपूर्ण धातूचें अंग. संपूर्णतः भारतांत आंखलेलें आणि भारतांत बांधलेलें तें पहिलें इंजिनचें विमान होय. अशीं दीडशेंहून अधिक विमानें बांधण्यांत आलीं. बारा विमानें आफ्रिकेंतील घाना देशाला पाठविलीं गेलीं. हवाई दलांतील वैमानिकांच्या कित्येक पिढ्यांनीं उड्डाणाचा श्रीगणेशा या विमानावर गिरविला.

याच्या बरोबरीनें याहून वरच्या इयत्तेचें एच.टी.-१० नांवाचें दुसरें शिकाऊ विमानहि योजिलें होतें. तें बांधलें गेलें नाहीं. थोड्या माणसांनीं व थोड्या पैशांत एक काम पुरें करावयाचें तर दुसरें सोडावें लागतें. तेव्हां कोणासहि तें फारसें खटकलें नसेल. परंतु पहिली इयत्ता आपली, आणि वरच्या इयत्तेसाठीं परक्याच्या दारीं उभें राहावयाचें, हा प्रकार तेथून सुरू झाला. आणि तो किती दिवस चालला व किती महाग पडला तें पुढें सांगतों.

डॉ. घाटगे यांचें काम थांबलें नाहीं. फ्लाइंग क्लबांतील हौशी शिकाऊंकरितां त्यांनीं ‘पुष्पक’ हें हलकें विमान दिलें. तें १९५८ सालीं उडालें. पाठोपाठ सैन्याला टेहळणीसाठीं ‘कृषक’ आलें. दरम्यान १९५६ सालीं जर्मनीचे नामांकित विमानरचनाकार कुर्ट टांक आपल्या सहकाऱ्यांसह बंगळूरला आले आणि ‘मारुत’ या लढाऊ जेट विमानाची आंखणी सुरू झाली. जर्मनींत शिकून आलेले डॉ. घाटगे भारतीय रचनाकारांचे धुरीण असल्यामुळें दोन्ही बाजूंचें काम जमलें. मारुत प्रथम बांधलें तें लांकडाचें, पूर्ण मापाचें, पण इंजिनाविना. त्यास ओढून वर नेऊन सोडीत व त्याच्या वागणुकीची परीक्षा घेत. खरें मारुत १७ जून १९६१ रोजीं उडालें. पण ज्या बलिष्ठ इंजिनाच्या भरंवशावर त्याचें अंग घडविलें होतें तें इंजिन इंग्लंडच्या कंपनीनें पुरें केलेंच नाहीं. सुरेख अंगाच्या त्या विमानाला शेवटपर्यंत कमी ताकदीच्या इंजिनावरच भागवावें लागलें. तत्त्व सोपें पण कारागिरी अवघड, असें जें वर सांगितलें त्याचा प्रत्यय आपल्या देशाला हा असा आला.

याच वेळीं जेट शिकाऊ विमानाची निकड उत्पन्न झाली होती. पंख्याच्या विमानावर शिकलेला मुलगा एकदम जेट लढाऊ विमानांत बसविणें म्हणजे मराठी तिसरीच्या मुलास मॅट्रिकच्या परीक्षेस बसविणें होय. १९६१ च्या सुमारास डॉ. घाटगे यांच्या नेतृत्वाखालीं एच.जे.टी.-१६ ची आंखणी हातीं घेण्यांत आली. हेंच ‘किरण’. त्यांत शिक्षक व विद्यार्थी शेजारीं शेजारीं बसतात. आम्हां शिक्षकांस या योजनेचें मर्म तात्काळ कळेल : मागें बसलेल्या शिक्षकास विद्यार्थ्याचें डोकें तेवढें दिसतें, शेजारीं बसलेल्यास त्याचे हात दिसतात, आणि चूक प्रथम हातांतच दिसते. उंचावर श्वास कोंडूं नये म्हणून बैठकीच्या खोलींत हवेचा दाब राखण्याची व्यवस्था केली होती, आणि प्रसंग ओढवल्यास वैमानिकास बैठकीसकट बाहेर फेंकून छत्रीनें खालीं उतरविणाऱ्या बैठका बसविल्या होत्या. मारुतच्या अनुभवानें शहाणे होऊन येथें इंजिन तयार व कसोटीस उतरलेलें असें निवडलें. वायपर नांवाचें हें इंग्रजी इंजिन इंग्लंडच्या शिकाऊ जेट विमानांतहि होतें.

४ सप्टेंबर १९६४ रोजीं किरणनें पहिलें उड्डाण केलें. वैमानिक होते सुरंजन दास, ज्यांनीं मारुतहि प्रथम उडविलें होतें. पुढें १९७० सालीं मारुतच्याच एका विमानाची परीक्षा घेतांना या धाडसी पुरुषाचा अपघातांत अंत झाला. कागदावरची रेघ खरी कीं खोटी हें ठरविण्यासाठीं कोणी तरी आपला प्राण पणास लावीत असतो, हें विसरतां कामा नये. १९६८ पासून किरण हवाई दलांत रुजू झालें. पुढें अधिक बलवान इंजिनाचें व शस्त्रें वाहणारें दुसरें किरणहि आलें. तें १९७६ सालीं उडालें. सर्व प्रकार मिळून सुमारें अडीचशें किरण विमानें बांधलीं गेलीं. भारत सरकारनें १९६५ सालीं डॉ. घाटगे यांना पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला.

आतां त्या राहून गेलेल्या इयत्तेकडे वळूं. किरणवर शिकलेला तरुण पुढें मिग-२१ सारख्या ध्वनीहून वेगवान विमानावर जाई. या दोहोंमध्यें मोठी दरी होती. विमान-अपघातांचा विचार करण्यासाठीं नेमलेल्या, एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीनें १९८२ सालीं सांगितलें कीं या दरीवर पूल म्हणून एक प्रगत जेट शिकाऊ विमान हवें. त्यासाठीं इंग्लंडच्या हॉक विमानांचा करार झाला तो २००४ सालीं, आणि तीं विमानें आपल्या शेजारच्या बिदरला दाखल झालीं तीं २००८ सालीं. सव्वीस वर्षें! या मधल्या काळांत मिग विमानांच्या अपघातांत जे तरुण गेले त्यांच्या मृत्यूचीं कारणें अनेक होतीं. परंतु मधली पायरी नसणें हें त्यांपैकीं एक होतें, असें जाणते लोक मानीत. पायरी गळालेल्या जिन्यावरून पडलेल्या मुलाला केवळ बेसावध म्हणणें हा न्याय नव्हे.

या काळांत आपल्या रचनाकारांचे हात रिकामे नव्हते. पहिल्या इयत्तेसाठीं एच.टी.टी.-३५ नांवाचें विमान योजून १९९० नंतर त्याची पूर्ण मापाची प्रतिकृति करण्यांत आली. तें तेथेंच थांबलें. २००९ सालीं जुनीं ‘दीपक’ विमानें अपघातांमुळें उभीं करावीं लागलीं, आणि त्यांच्या जागीं स्वित्झर्लंडचीं विमानें विकत घ्यावीं लागलीं. २००५ सालीं बंगळूरच्या विमानप्रदर्शनांत एच.जे.टी.-३९ या दोन इंजिनांच्या प्रगत जेट शिकाऊ विमानाचा नमुना मांडला. पण हॉकचा करार झालेला होता आणि तें बांधलें गेलें नाहीं. २०२३ च्या प्रदर्शनांत एच.एल.एफ.टी.-४२ नांवाच्या, ध्वनीहून वेगवान अशा शिकाऊ विमानाचा नमुना मांडण्यांत आला, तेव्हां तोहि आराखडाच होता. अर्थात्‌ सर्वच कागदावर राहिलें असें नाहीं. ‘सितारा’ जेट २००३ सालीं आणि एच.टी.टी.-४० हें २०१६ सालीं उडालें. डॉ. घाटगे यांनीं घातलेली वाट मोडली नाहीं. ती मधून मधून झुडपांत हरवली एवढेंच.

न बांधलेल्या विमानांचा हा पाढा येथें कशासाठीं वाचला, असें कोणी पालक विचारतील. कारण मोठ्या माणसाचें चरित्र केवळ त्याच्या यशांची यादी केल्यानें पुरें होत नाहीं. आराखडा कागदावर राहण्याचीं कारणें क्वचितच आंखणाऱ्याच्या हातीं असतात. इंजिन परक्याचें असतें. पैसा वेळेवर येत नाहीं. मागणी करणारा मधेंच मत बदलतो. तयार वस्तु विकत घेणें सोपें वाटतें. डॉ. घाटगे यांना हें सर्व अनुभवावें लागलें. विमानाचें अंग आपलें, पण त्याचें हृदय बाहेरचें, ही उणीव त्यांच्या सर्व जेट विमानांत राहिली, आणि ती झांकून ठेवण्यांत त्यांच्या स्मृतीचा गौरव नाहीं. तरीहि एक गोष्ट विसरूं नये. ज्या ग्लायडरची एकच प्रत झाली त्याची आंखणी करतांना जी माणसें हिशेब शिकलीं, जे कारागीर पत्रा वांकविण्यास शिकले, तीच विद्या पुढें एच.टी.-२ ला आणि किरणला लाभली. पुरें न झालेलें काम मन लावून केलेलें असेल तर तें पुढच्या कामाचें खत होतें. मात्र प्रत्येक आराखडा खतच होत राहिला तर पीक कधीं येणार, हा प्रश्न देशानें स्वतःला विचारावयास हवा.

६ डिसेंबर १९९१ रोजीं, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षीं, डॉ. घाटगे निवर्तले. बंगळूरला त्यांच्या नांवाचें एक सभागृह आहे. आपल्या मराठी मुलखांत मात्र त्यांचें नांव शेंकडा एखाद्या विद्यार्थ्यासच ठाऊक असेल. तें आपणां सर्वांना ठाऊक व्हावें एवढ्याचसाठीं हा लेख.

मुलांनो, तुमच्या वह्यांतून कितीतरी आकृति अर्ध्यावर सोडलेल्या आम्हीं पाहतों. कांहीं आळसानें सुटलेल्या असतात, कांहीं वेळ संपला म्हणून. या दोहोंतील भेद परीक्षकाला दिसत नसला तरी तुमचा तुम्हांस कळतो. हसूरचंपूच्या मुलानें आपली प्रत्येक आकृति अशी काढली कीं उद्यां कोणी ती बांधावयास घेतलीच, तर तिच्यांत बसणाऱ्या कोवळ्या वैमानिकाचा जीव सुरक्षित राहावा. आपल्यापैकीं कोणी पुढें बिदरच्या तळावर विमानांत बसेल, कोणी बंगळूरच्या कारखान्यांत आंखणीच्या मेजाशीं उभा राहील. त्या दिवशीं मधल्या इयत्तेचें आपलें विमान तयार असावें, आणि तें तयार करणाऱ्यांत बीड जिल्ह्याचाहि एखादा हात असावा, हीच इच्छा.